मॉडेलिंगमध्ये शिरताना फसवणूक कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेलिंग करू इच्छिणारी मुलंमुली आणि त्यांचे आईवडील यांच्याकडून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले बरेचसे पैसे देऊन झाल्यावर येतात. हे पान त्याआधी वाचलं जावं, म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

खरी एजन्सी आणि बनावट एजन्सी यांत मूळ फरक काय?

पैसा कोणाकडून येतो, हा. खरी एजन्सी मॉडेलला काम मिळवून देते, क्लायंट त्या कामाचे पैसे देतो आणि त्यातून एजन्सी आपलं कमिशन कापून घेते. हे कमिशन साधारणपणे मानधनाच्या २० टक्क्यांच्या आसपास असतं. बऱ्याचदा एजन्सी क्लायंटकडूनही वेगळं सेवाशुल्क घेते. म्हणजे तुम्हाला काम मिळालं नाही तर एजन्सीच्या हातीही काही लागत नाही. म्हणूनच ती निवड करताना कठोर असते. अर्ज करणाऱ्या बहुतेकांना नकार मिळतो, आणि तोही पटकन.

बनावट एजन्सीचं उत्पन्न तुमच्याच खिशातून येतं. तुम्हाला काम मिळो न मिळो, तिचा धंदा तुम्ही पैसे भरलेत त्याच दिवशी पूर्ण झालेला असतो. त्यामुळे ती कोणालाच नाही म्हणत नाही. उंची, वय, बांधा, अनुभव, सगळंच तिला ‘परफेक्ट’ वाटतं. व्यावसायिक जाहिरातींना सगळ्या प्रकारचे चेहरे लागतात हे खरंच आहे, पण त्यातही कोणता चेहरा कोणत्या कामाला चालेल हे कोणीतरी नीट बघून ठरवतं. न बघताच होकार मिळाला, तर समोरच्याला तुमच्या चेहऱ्याची गरजच नाही असं समजा.

पुढचे सगळे प्रश्न वाचताना स्वतःला एकच विचारत राहा: हा माणूस माझ्या कामातून कमावणार आहे की माझ्याकडून?

‘तुमची निवड झाली आहे, फक्त रजिस्ट्रेशनची छोटीशी रक्कम भरा’ असं म्हणतात. भरू का?

नाही. रक्कम किती छोटी आहे याने काहीच फरक पडत नाही. पहिली रक्कम छोटी ठेवतात ती मुद्दामच, कारण तेवढ्यासाठी कोणी घरी विचारत नाही की चौकशी करत नाही. ती भरली की पैसे देणारा माणूस म्हणून तुमची नोंद होते. मग ग्रूमिंगचे पैसे, मग आयडी कार्डचे, मग शूटसाठी ‘परत मिळणारं’ डिपॉझिट, मग अडकलेलं मानधन सोडवायला म्हणून टॅक्स. मागचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस दर वेळी पुढचे भरत जातो. थांबायची सर्वांत चांगली वेळ पहिल्या मागणीचीच. ती निघून गेली असेल तर आत्ता थांबा.

आगाऊ पैसे उकळण्याचा हा प्रकार इतका जुना आहे की काही ठिकाणी त्याविरुद्ध खास कायदे झाले आहेत. ब्रिटनमध्ये २०१० पासून फॅशन आणि फोटोग्राफिक मॉडेलकडून एजन्सीला आगाऊ फी घेता येत नाही. कॅलिफोर्नियातही काम मिळवून देण्याच्या नावाखाली कलाकारांकडून आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. न्यूयॉर्कचा फॅशन वर्कर्स ॲक्ट जून २०२५ मध्ये लागू झाला. त्यानुसार एजन्सीला मॉडेलकडून साइन-अप फी किंवा डिपॉझिट घेता येत नाही आणि कमिशन २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तुम्ही राहता तिथे असा कायदा नसेलही. तरी एवढं यातून कळतं की आगाऊ पैसे न घेता हा धंदा चालतो आणि मोठमोठ्या एजन्सी तसा चालवतात. ‘सगळीकडे हीच पद्धत आहे’ असं कोणी म्हणालं, तर ते खोटं आहे.

पोर्टफोलिओशिवाय कोणी उभं करत नाही, असं सांगतात. खरं आहे का?

नाही. आणि नवख्यांच्या कितीतरी फसवणुकी या एकाच वाक्यावर उभ्या असतात, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

नव्या चेहऱ्याकडून एजन्सीला हवे असतात साधे फोटो. या क्षेत्रात त्यांना डिजिटल्स म्हणतात, जुनी माणसं अजूनही पोलरॉइड म्हणतात. खिडकीचा उजेड, मागे कोरी भिंत, अंगाबरोबर बसणारे साधे कपडे, मेकअप नाही, केस एकदा मोकळे आणि एकदा मागे बांधलेले. चेहरा समोरून आणि बाजूने. पूर्ण उंचीत समोरून, बाजूने आणि पाठमोरं. घरातल्या कोणीही मोबाइलवर काढले तरी चालतात. भारी स्टुडिओतले फोटो इथे उलट अडचणीचे ठरतात, कारण रिटचिंग आणि लायटिंगमागे त्वचा, हाडांची ठेवण, शरीराचं प्रमाण यातलं काहीच नीट दिसत नाही.

पोर्टफोलिओ लागतो, पण नंतर. एजन्सीने तुम्हाला घेतल्यावर तुमचा चेहरा कॅटलॉगला शोभतो, रॅम्पला की सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींना, हे ठरतं. त्या हिशोबाने टेस्ट शूट, म्हणजे चाचणीची शूट, होतात आणि चांगल्या फ्रेम हळूहळू बुकमध्ये, म्हणजे पोर्टफोलिओत, जमा होतात. कुठे पाठवायचंय हेच ठरलेलं नसताना काढलेला जाडजूड अल्बम कोणाच्या कामाचा नसतो.

फसवणूक कशी होते तेही बघा. निवड झाली म्हणून बोलावतात. कौतुक होतं. मग कळतं की पोर्टफोलिओ हवा, आणि तो ‘आमच्याच’ फोटोग्राफरकडून. तीन पॅकेज पुढे ठेवतात. मधलं घ्यावंसं वाटेल अशीच त्यांची मांडणी असते. फोटो निघतात, कधीकधी बरेही निघतात, आणि त्यानंतर फोन येणं बंद होतं. विचारलंत तर म्हणतात, क्लायंटला तुमचा लुक पसंत पडला नाही. फोटो तर दिलेच ना, मग फसवलं कुठे, असा त्यांचा बचाव तयार असतो, आणि म्हणूनच अशी तक्रार सिद्ध करणं कठीण जातं.

याची एक सोपी परीक्षा आहे. म्हणा, ‘मी माझ्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून फोटो काढून आणते.’ खरी एजन्सी म्हणेल, आधी त्याचं काम दाखव. बनावट एजन्सी काही ना काही कारण सांगून ते उडवून लावेल.

पण चांगल्या एजन्सीही टेस्ट शूट आणि कॉम्प कार्डचे (मॉडेलचे फोटो आणि मापं छापलेल्या कार्डाचे) पैसे मॉडेलच्या नावावर टाकतात ना?

काही टाकतात, हो. ती रक्कम एजन्सी आधी स्वतः भरते आणि पुढे तुमच्या कमाईतून वळती करते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण डोळे मिटून मान्य करावं असंही ते नाही. कोणता खर्च, किती, कोणाच्या परवानगीने, हे लेखी मागा. काम मिळालंच नाही आणि तुम्ही एजन्सी सोडलीत, तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होणार का, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर सही करू नका.

इन्स्टाग्रामवर एका नावाजलेल्या एजन्सीच्या स्काउटचा मेसेज आला आहे. खरा असेल का?

असू शकतो. स्काउट खरोखरच सोशल मीडियावर चेहरे शोधतात. अडचण एवढीच की त्यांची नावं आणि फोटो चोरून बनावट खातं काढायला काही मिनिटं पुरतात.

त्याच चॅटमध्ये ‘तुम्ही खरे आहात का?’ असं विचारून काही कळणार नाही. त्याने पाठवलेल्या लिंकवरून किंवा नंबरवरूनही खात्री करू नका, कारण ते दोन्ही त्याचेच. एजन्सीची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा, तिथला नंबर किंवा ईमेल घ्या आणि विचारा: ‘या नावाची व्यक्ती तुमच्याकडे काम करते का? तिने मला मेसेज केला आहे का?’ एजन्सींना या प्रश्नाची सवय असते, कोणी रागावत नाही. खरा स्काउटही रागावत नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणून जो दुखावतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

ईमेल आला असेल तर पत्त्यातलं प्रत्येक अक्षर वाचा. एजन्सीच्या नावामागे ‘कास्टिंग’ जोडून काढलेला जीमेलचा फुकट पत्ता, नावात इंग्रजी एलच्या जागी एकाचा आकडा, कुठेतरी घुसवलेली जादा रेघ, शेवटी डॉट कॉमऐवजी भलतंच काही. मोबाइलच्या लहान स्क्रीनवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. मजकुरात तुमच्याबद्दल नेमकं काही आहे का तेही पाहा. ‘तुझं प्रोफाइल पाहिलं, तुझ्यात काहीतरी खास आहे’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं.

हॉटेलच्या हॉलमध्ये ‘ओपन ऑडिशन’ आहे. जावं का?

गेलात तरी पैसे, कार्ड आणि सही या तीन गोष्टी घरीच ठेवून जा.

एजन्सीचा खरा ओपन कॉल अगदी रुक्ष असतो. रांग लागते, आत बोलावतात, उंची मोजतात, दोनचार फोटो घेतात, चालायला सांगतात, संपलं. काही मिनिटांचं काम. प्रवेश फुकट असतो.

हॉलमधला प्रकार वेगळा चालतो. खुर्च्या मांडलेल्या, संगीत लावलेलं, स्टेजवर कोणीतरी तासभर स्वप्नं दाखवणारं भाषण करतं आणि मोठ्या नावांचे फोटो पडद्यावर सरकत राहतात. मग एकेकाला आत बोलावतात. बाहेर आल्यावर सांगतात की शेकडोंतून मोजकेच पुढे गेलेत आणि त्यात तुम्ही आहात. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी आईवडिलांना घेऊन या म्हणतात, आणि त्या भेटीत पैशांचा विषय निघतो. कोर्स, कन्व्हेन्शन, शोकेस, नाव काहीही असो. ‘ही जागा फक्त आजच्यासाठी आहे’ हे सांगताना समोर कॅल्क्युलेटर आणि हप्त्यांचा तक्ता तयार असतो. आईवडिलांसमोर हा विषय काढतात त्यालाही कारण आहे. मूल आनंदाने फुललेलं असताना ‘नको’ म्हणणं कोणत्याही आईबापाला जड जातं.

खरं काम उद्यापर्यंत थांबतं. ‘घरी वाचून दोन दिवसांनी कळवतो’ एवढं म्हणा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

मॉडेलिंगचे कोर्स म्हणजे फसवणूकच का?

सगळे नाही. चालणं, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, त्वचेची निगा, हे शिकवणारे चांगले लोक आहेत. शिकायचं म्हणून पैसे दिले आणि शिकायला मिळालं, तर व्यवहार सरळ आहे. कामाची हमी दिली की तो बिघडतो. काम मिळणं हे क्लायंटच्या हातात असतं, शाळेच्या नाही. आणि जी जागा एकाच वेळी शाळाही आहे आणि एजन्सीही आहे, तिथे जास्त सावध राहा. फीवरच भागत असेल तर तुम्हाला काम मिळवून देण्याची तिला काय निकड?

पैसे भरून प्रोफाइल टाकायच्या वेबसाइट चालतात का?

नवख्यांना क्वचितच उपयोग होतो. त्यांचं उत्पन्न सदस्यत्वातून येतं, म्हणून आत कितीही गर्दी झाली तरी त्यांना फरक पडत नाही. नाव नोंदवलंच असेल तर सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं का, ते आधी तपासा. ‘क्लायंटने तुमचं प्रोफाइल पाहिलं, कोणी ते बघायला पैसे भरा’ असा मेसेज आला तर दुर्लक्ष करा.

एक ब्रँड म्हणतो की तुम्ही आमचे ‘ब्रँड ॲम्बॅसॅडर’ व्हा, सवलतीत आमचे कपडे घ्या आणि फोटो टाका. हे मॉडेलिंग आहे का?

नाही, ही विक्री आहे, आणि गिऱ्हाईक तुम्ही. कपडे ‘फुकट’ आणि फक्त पाठवणीचा खर्च तुमचा, असा प्रकारही तोच.

व्हिडिओ कॉलवर ऑडिशन आहे, अंतर्वस्त्रांत माप दाखवायला सांगतात. हे नेहमीचं असतं का?

नाही. इथे विचार करत बसू नका, कॉल बंद करा.

उंची, छाती, कंबर, नितंब, बुटांचा नंबर ही मापं एजन्सी विचारते, आणि ती आकड्यांत लिहून पाठवायची असतात. काही एजन्सी सज्ञान मॉडेलकडून स्विमवेअरमधले डिजिटल्स मागतात, पण ते सगळ्यांसाठी उघड असलेल्या अर्जातून किंवा ओळख पटलेल्या एजन्सीच्या अधिकृत ईमेलवर. अनोळखी माणसाच्या चॅटवर कधीच नाही. नग्न फोटोची गरज निवडीसाठी कोणालाही नसते. अठरा वर्षांखालच्या मुलाकडे वा मुलीकडे तसे फोटो मागणं हा तर सरळ गुन्हा आहे, मागणारा स्वतःला काहीही म्हणवून घेवो.

हे कसं घडतं ते माहीत असलेलं बरं. सुरुवात चेहऱ्याच्या फोटोने होते. मग पूर्ण उंचीचा, मग तंग कपड्यांतला, मग ‘टॅटू किंवा व्रण तपासायचे आहेत’, मग ‘लॉन्जरीच्या क्लायंटला दाखवायचं आहे’. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडीशीच पुढची असते, म्हणून नकार द्यायची जागा सापडत नाही. समोर बाई बोलते आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण आवाज आणि चेहरा दोन्ही बनवता येतात. कॉल रेकॉर्ड होत असतो. त्यानंतर धमकी येते: पैसे दे, नाहीतर हे तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. मुलीच नाही, मुलगेही यात मोठ्या संख्येने अडकतात, आणि लाजेपायी ते आणखी गप्प बसतात.

तसे फोटो आधीच पाठवले गेले आहेत आणि आता धमक्या येत आहेत. काय करू?

पैसे देऊ नका. एकदा दिलेत की मागणी वाढत जाते, थांबत नाही. आणखी फोटोही पाठवू नका. चॅट डिलीट करू नका. खात्याचं नाव, मेसेज, पैशांची मागणी, तारखा, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मगच त्याला ब्लॉक करा. त्या ॲपवर खात्याची तक्रार करा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. घरातल्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला आजच सांगा. धमकावणाऱ्याचं सगळं बळ तुम्ही कोणाला सांगणार नाही यावरच असतं.

फोटो पसरू नयेत म्हणून दोन मोफत सेवा आहेत. अठरा वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’, जी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. फोटो अठराव्या वर्षाआधीचा असेल तर ‘टेक इट डाउन’. दोन्हींत फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, तो ठसा सहभागी सोशल मीडिया कंपन्यांना जातो आणि तसाच फोटो कोणी चढवला तर त्यांना तो ओळखून रोखता येतो. सगळ्याच वेबसाइट यात नाहीत, तरी मोठा भाग झाकला जातो.

ज्याच्या बाबतीत हे घडलं आहे, त्या मुलाला किंवा मुलीला एक सांगायचं आहे: यात गुन्हा तुमचा नाही. फसवणाऱ्याने हे अनेकांवर वापरून घासून तयार केलेलं तंत्र आहे.

फुकट टेस्ट शूट करून देतो म्हणणाऱ्या फोटोग्राफरकडे जाणं सुरक्षित आहे का?

दोघंही फुकट काम करतात आणि दोघांनाही फोटो मिळतात, ही पद्धत नवखे फोटोग्राफर आणि नवखी मॉडेल यांच्यात चांगली रुळलेली आहे. फक्त आधी माणसाची चौकशी करा. त्याच्या पेजवरच्या दोनतीन मॉडेलना स्वतः मेसेज करून अनुभव विचारा. त्याने सुचवलेल्यांना नको, तुम्ही निवडलेल्यांना. कपडे कोणते, जागा कोणती, सेटवर कोण कोण असणार, फोटो कुठे वापरणार, हे आधी लेखी ठरवा. सोबत कोणाला तरी न्या. ‘सोबत कोणी असलं की मॉडेल मोकळी होत नाही’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. ठरल्यापेक्षा वेगळं काही करायला सांगितलं, तर शूट अर्धवट सोडून निघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घरी जायची सोय स्वतःची ठेवा, म्हणजे तो हक्क वापरता येईल.

ही काळजी जास्तीची वाटत असेल तर अमेरिकेतला एक खटला सांगते. मॉडेलिंगच्या जाहिराती पाहून अर्ज केलेल्या तरुणींना सॅन डिएगोला बोलावून त्यांचं अश्लील चित्रीकरण केलं गेलं. व्हिडिओ इंटरनेटवर कधीही येणार नाहीत, असं त्यांना सांगितलं होतं. ते आले. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने २२ जणींच्या बाजूने निकाल देत सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई ठरवली. जाहिरातीत अश्लील असं काहीच नव्हतं. त्या मुली साध्या मॉडेलिंगच्या कामासाठीच निघाल्या होत्या.

काम मिळालं. क्लायंटने मानधनापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवला आणि उरलेले पैसे मेकअप आर्टिस्टला पाठवायला सांगितले. पाठवू का?

अजिबात नाही. तो चेक बनावट आहे. अनेक देशांत चेक पूर्ण वटायच्या आधीच बँक रक्कम खात्यात दाखवते, त्यामुळे पैसे आले असं वाटतं. तुम्ही ‘उरलेले’ पाठवता ते मात्र तुमचे खरे पैसे असतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी चेक परत येतो आणि बँक ती सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल करते. मेकअप आर्टिस्ट आणि क्लायंट एकच माणूस असतो. क्लायंट आपल्या माणसांचे पैसे स्वतः देतो, मॉडेलमार्फत कधीच देत नाही.

परदेशात तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट देऊ करतात. काय बघायचं?

परदेशी कॉन्ट्रॅक्ट ही खरी आणि रुळलेली गोष्ट आहे. पण इथे फसवणूक झाली तर नुसते पैसे जाऊन भागत नाही, म्हणून अट कडक ठेवा: कागद पूर्ण हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही. तिथल्या एजन्सीचं नाव, पत्ता, परवाना, कामाचा व्हिसा, राहण्याची जागा, तिकीट कोणाच्या पैशांनी आणि ते पुढे कमाईतून कापणार का, हे सगळं लिहिलेलं हवं. ‘टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू’ म्हणजे तिथे उतरल्या क्षणापासून तुमचं काम बेकायदा, आणि बेकायदा काम करणारा माणूस पोलिसांकडे जायला घाबरतो. समोरच्याला नेमकं तेच हवं असतं.

घरभाडं, खर्चाला दिलेले पैसे, तिकीट हे सगळं कर्ज म्हणून तुमच्या नावावर चढत राहतं. राहण्याच्या जागेचं भाडं बाजारभावापेक्षा खूप जास्त लावलं जातं, अशा तक्रारी मॉडेल करत आल्या आहेत. म्हणून आकडे आधी मागा. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका, ‘सुरक्षित ठेवतो’ म्हटलं तरीही. जायच्या आधी त्या देशातल्या आपल्या दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो. घरच्यांशी एक खुणेचा शब्द ठरवा, जो बोलण्यात आला की अडचण आहे हे त्यांना कळेल.

आमचं बाळ गोड आहे, एका ‘बेबी मॉडेल’ एजन्सीने पोर्टफोलिओ सुचवला आहे. करावा का?

नको. बाळाचा चेहरा काही आठवड्यांत बदलतो, आजचा महागडा अल्बम लवकरच जुना होतो. लहान मुलांसाठी घरचे ताजे फोटोच लागतात. स्टुडिओत किंवा सेटवर पालकांनी मुलाच्या नजरेसमोर असणं याला पर्याय नाही. ‘बाहेर थांबा’ म्हटलं तर मुलाला घेऊन निघा.

मुलाच्या कमाईबद्दल नियम काय, हे आपल्याकडच्या कायद्यात बघा. कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या संरक्षणासाठी १९३९ पासून कूगन कायदा आहे. आज त्याखाली मुलाच्या कमाईतला किमान १५ टक्के हिस्सा त्याच्याच नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तिथे मुलाला मिळालेले पैसे कसे जपायचे यावर कायदा झाला, आणि इथे ही मंडळी मुलाच्या नावाने तुमच्याकडेच पैसे मागतात.

करारावर सही करण्याआधी काय वाचावं?

सगळं. कंटाळा आला तरी या जागा सोडू नका: मुदत किती, ती आपोआप वाढते का, सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, करार एक्स्क्लुझिव्ह (दुसऱ्या एजन्सीकडून काम घेता येणार नाही असा) आहे का आणि कोणत्या भागासाठी, पैसे किती दिवसांत मिळणार. फोटो कुठे, किती काळ, कोणत्या माध्यमात वापरणार हेही बघा. ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ या शब्दांची किंमत फार मोठी असते, आणि नवख्यांच्या करारात ते सहज टाकलेले असतात.

हल्ली आणखी एक कलम येतं. तुमचा चेहरा आणि शरीर स्कॅन करून एआयने डिजिटल प्रतिकृती बनवायची परवानगी. ती दिलीत तर तुम्ही न जाता तुमचे फोटो तयार होऊ शकतात. न्यूयॉर्कच्या त्याच कायद्यात यासाठी मॉडेलची वेगळी, स्पष्ट लेखी संमती घ्यावी लागते. तुमच्याकडे असा नियम नसला तरी ते कलम खोडून मागायला कोणी अडवत नाही.

बँकेचा तपशील, ओळखपत्राची प्रत या गोष्टी सही झाल्यावर, प्रत्यक्ष काम ठरल्यावर लागतात. अर्जासोबत मागितल्या तर देऊ नका. ओटीपी कोणालाही, कधीही नाही.

त्यांच्या ऑफिसात मोठ्या मॉडेलचे फोटो आहेत, रिव्ह्यूही चांगले आहेत. तरी शंका घ्यावी का?

फोटो कोणालाही भिंतीवर लावता येतात. त्यातल्या एकदोन मॉडेलची नावं विचारा आणि त्यांच्या स्वतःच्या प्रोफाइलवर कोणती एजन्सी लिहिली आहे ते पाहा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. रिव्ह्यू वाचताना पाच तारे सोडून एक आणि दोन तारेवाले वाचा, आणि कंपनीच्या नावासोबत ‘तक्रार’, ‘रिफंड’ हे शब्द टाकून शोधा. नाव अगदी नवं असेल आणि पत्ता जुना, तर त्या पत्त्यावर आधी कोणत्या नावाने धंदा चालायचा तेही शोधा. तक्रारी वाढल्या की पाटी बदलायची, ही या लोकांची जुनी सवय आहे.

पैसे गेले आहेत. परत मिळतील का?

कधी मिळतात, आणि लवकर हालचाल केली तर शक्यता वाढते. कार्डने दिले असतील तर बँकेला आजच फोन करून व्यवहारावर हरकत नोंदवा. करारात रद्द करण्याची मुदत आहे का ते बघा, असेल तर त्या मुदतीत लेखी कळवा आणि पोच ठेवा. पावत्या, चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, भेटीची तारीख, समोरच्याने दिलेली वचनं, आठवतं तसं एका कागदावर क्रमाने लिहून काढा. पोलिस आणि ग्राहक तक्रार यंत्रणा दोन्हीकडे तक्रार करा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका. एकाच नावाच्या दहा छोट्या तक्रारी जमल्या की तपास सुरू होण्याची शक्यता बरीच वाढते.

आणि लगेचच आणखी एक फोन येईल अशी तयारी ठेवा. ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त प्रक्रियेची फी भरा.’ फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. हा फोन करणारा त्याच साखळीतला असतो.

मग खरी सुरुवात कुठून करायची?

घरच्या घरी डिजिटल्स काढा, मापं खरी लिहा. उंची दोन सेंटिमीटरने वाढवलीत तर पहिल्याच भेटीत उघडी पडते. चारपाच एजन्सी निवडा, त्यांच्या बोर्डवर, म्हणजे त्यांच्या मॉडेलच्या यादीत, कसे चेहरे आहेत ते बघा, आणि त्यांच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरा. तो फुकट असतो. उत्तर आलं नाही तर नकार समजा. पुन्हा विचारण्याचा तगादा लावू नका. चारसहा महिन्यांनी, काही बदल झाला असेल तर, नवे फोटो पाठवा. शिक्षण किंवा नोकरी सोडू नका. काम लागायला वेळ लागतो, आणि ज्याला पैशांची तातडी नसते त्याला वाईट प्रस्ताव नाकारणं सोपं जातं. नव्या माणसाला भेटायला जाताना नाव, पत्ता आणि परतायची वेळ घरी सांगून जा. अठरा वर्षांखाली असाल तर एकट्याने जाऊच नका.